दह्यातला जिवाणू आणि आतड्यातली वस्ती

आतड्यातील जिवाणूंवर माणसाचे आरोग्य अवलंबून असते, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात सामान्य माणसापर्यंत पोहोचली ती दह्यामुळे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी १९०४ मध्ये वार्धक्यावर व्याख्यान दिले. मोठ्या आतड्यातील जिवाणू अन्न कुजवतात, त्यातून निघालेली विषे शरीरात भिनतात आणि म्हातारपण लवकर येते, असे त्यांचे म्हणणे होते. दूध विरजले की ते कुजत नाही. मग विरजणारे जिवाणूच पोटात घातले तर तिथलेही कुजणे थांबेल, हा पुढचा तर्क. त्याला दाखला दही खाणाऱ्या दीर्घायुषी बल्गेरियन शेतकऱ्यांचा. १९०५ मध्ये जिनिव्हात शिकणाऱ्या स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने आपल्या देशाच्या दह्यातून काडीच्या आकाराचा एक जिवाणू वेगळा केला. ‘बॅसिलस बल्गेरिकस’ म्हणून तो गाजला.

१९०८ मध्ये मेचनिकॉव्ह यांना नोबेल मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी. पण त्या मानाचे वजन दह्याच्या सिद्धान्तालाही लाभले. १९१९ मध्ये बार्सिलोनात आयझॅक कारासो यांनी सुरू केलेल्या दानोनचे दही औषधांच्या दुकानांत विकले जाई. याच विषभयाची दुसरी बाजू मात्र भयंकर होती. लंडनचे शल्यविशारद विल्यम आर्बथनॉट लेन जुनाट बद्धकोष्ठ असलेल्यांचे मोठे आतडेच कापून काढत. ज्याचे काम कळले नव्हते ते निरुपयोगी ठरवले गेले, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

१९२० च्या सुमारास येल विद्यापीठातील लिओ रेटगर यांनी दाखवून दिले, की बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात मूळ धरत नाही. मेचनिकॉव्ह यांचा प्रश्न खरा होता. एकट्या पाहुण्याने भरल्या गावाची रीत बदलावी, ही अपेक्षा चुकीची होती. आतड्यात शेकडो जातींचे जिवाणू एकमेकांच्या आधाराने नांदतात, आणि प्रतिजैविकांनी ती वस्ती उठली की रोगकारक जिवाणूंना मोकळे रान मिळते.

मग वस्तीच पुन्हा वसवण्याचा उपाय पुढे आला. १९५८ मध्ये डेन्व्हरच्या बेन आइझमन आणि सहकाऱ्यांनी आतड्याच्या प्राणघातक दाहाने आजारी असलेल्या चार रुग्णांना निरोगी माणसाच्या मळाचा एनिमा दिला. ते बरे झाले. किळसेमुळे की काय, या उपायाची काटेकोर चाचणी व्हायला अर्धे शतक लोटले. पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या संसर्गावरील नेदरलँड्समधील चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक घेतलेल्या १३ रुग्णांपैकी ४ बरे झाले. निरोगी माणसाचे जिवाणू मिळालेल्या १६ पैकी १५.