पाहिजे

पाहिजे : मराठी क्रियारूप. ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी वर्तमानरूप. मूळ अर्थ ‘पाहिले जाते’. आजचे अर्थ : लागते, हवे आहे; करणे भाग आहे; असणार असे वाटते. अनेकवचन ‘पाहिजेत’. उच्चारात बहुधा ‘पायजे’.

संस्कृतातील कर्मणी ‘य’चे (दीयते) प्राकृतात दोन प्रत्यय झाले, ‘ईअ’ आणि ‘इज्ज’. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात दोन्ही नोंदवले आहेत. मराठीकडे ‘इज्ज’ आला. ‘इज्ज’चे नमुने हवेत तर ‘गाथासप्तशती’कडे वळावे. पुढे ‘इज्जइ’चे ‘इजे’ झाले. महानुभाव गद्यात आणि ‘ज्ञानेश्वरी’त (१२९०) ‘कीजे’, ‘दीजे’, ‘बोलिजे’, ‘म्हणिजे’ ही रूपे सर्रास भेटतात. झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या जडणघडणीवरील आपल्या फ्रेंच ग्रंथात (१९२०) या प्रत्ययाचा माग काढला आहे.

हा कर्मणी प्रयोग नंतर मोडला आणि त्याच्या जागी ‘केले जाते’ ही रचना आली. रोजच्या तोंडी मुख्यतः दोनच रूपे तगली, ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’. त्यांपैकी ‘म्हणजे’ हे क्रियापद होते याचा तर आता कुणाला संशयही येत नाही.

पाहण्यावरून गरजेकडे अर्थ कसा सरकला, याचे उत्तर ‘पाहणे’च्याच आजच्या वापरात आहे. आपण मुलासाठी स्थळ पाहतो, भाड्याने खोली पाहतो, पाहुण्यांची वाट पाहतो. जे पाहिले जाते, म्हणजे शोधले जाते, ते लागत असते. इंग्रजीतील ‘ऑट’चा प्रवास असाच आहे. ते ‘ओ’ (देणे लागणे) या क्रियापदाचे भूतकाळी रूप. ऋणातून कर्तव्याकडे गेले आणि मूळ धातूपासून तुटले. ‘पाहिजे’ही तसेच एकटे पडले. त्याला स्वतःचा भूतकाळ नाही, तो ‘होते’ जोडून भागवावा लागतो. ‘पाहिजे होते’मध्ये मग गरजेपेक्षा हळहळच अधिक ऐकू येते : ‘तेव्हाच कांदा विकायला पाहिजे होता.’

‘मला चहा पाहिजे’ या वाक्यात व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता चहा आहे, ‘मला’ नाही. म्हणून ‘मला पेरू पाहिजेत’ हे शुद्ध. बोलताना मात्र हा ‘त’ सहसा गळतो, आणि त्याबद्दल कुणाला धारेवर धरण्यात अर्थ नाही. भूतकाळी रूपाबरोबर कर्तव्याचा अर्थ येतो : ‘आता निघाले पाहिजे’, ‘त्याने अभ्यास केला पाहिजे’. ‘असणे’ मध्ये आले की अनुमान : ‘गाडी इगतपुरीला पोचली असली पाहिजे.’ नकार देताना ‘पाहिजे’ बाजूला होऊन ‘नको’ पुढे येते. ‘नाही पाहिजे’ म्हटले की त्यात ठसका येतो. ‘पाहिजे तेव्हा’, ‘पाहिजे तेवढे’ यांत गरज विरून केवळ मर्जी उरते. दुकानाच्या दारावरचे ‘मुलगा पाहिजे’, छोट्या जाहिरातींचे ‘पाहिजेत’ हे सदर, पोलिसांच्या कागदातले ‘पाहिजे असलेला आरोपी’ ही याच रूपाची सार्वजनिक ठिकाणे. शेवटच्यात तर ‘शोधला जात असलेला’ हा जुना अर्थ जवळजवळ जसाच्या तसा शिल्लक आहे.

नाशिक परिसरात ‘पाहिजेल’ हे रूपही ऐकू येते : ‘काय पाहिजेल?’ शिक्षक ते खोडतात. ‘असेल’, ‘दिसेल’ यांच्या वळणावर ते घडले असावे. अर्थ बहुधा वर्तमानाचाच राहतो, पण ग्राहकाला विचारताना भविष्यकाळी वळणाने प्रश्न जरा मऊ होतो. प्रमाण लेखनात त्याला जागा नसली तरी बोलीत ते पक्के आहे.

जिल्ह्याच्या उत्तरेस बागलाण, मालेगाव भागांतील अहिराणीत याच अर्थी ‘जोयजे’ म्हणतात : ‘तुले काय जोयजे?’ सुरगाणा-पेठपलीकडच्या गुजरातीत ‘जोईए’. दोन्हींचा धातू ‘जो’, अर्थ पुन्हा पाहणेच. अहिराणी रूपाचा धातू गुजरातीशी जुळतो आणि शेवटचा ‘जे’ मराठीशी. मात्र यावरून ‘जोयजे’ला दोन भाषांचे कडबोळे ठरवण्याची घाई करू नये. जुन्या पश्चिमी राजस्थानीत, म्हणजे गुजरातीच्या पूर्वरूपात, ‘ज’ असलेली कर्मणी रूपे होती. अहिराणीने तो ‘ज’ तिकडूनही राखलेला असू शकतो. हिंदीतील ‘चाहिए’ याच कुळातले, आणि ‘चाहना’लाही जुन्या हिंदीत ‘पाहणे’ हा अर्थ होता. कोकणीने वेगळी वाट धरली. तिथे ‘म्हाका जाय’.