पेशवेकालीन दफ्तरव्यवस्था आणि नोंद राखण्यामागील प्रेरणा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

हिशेब लिहिणे आणि तो दुसऱ्यास उलगडेल अशा रीतीने लावून ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिले काम रोजच्या गरजेतून होते. दुसऱ्या कामासाठी सेवकवर्गास स्वतंत्र प्रेरणा लागते. मराठ्यांच्या राज्यकारभारात ही प्रेरणा कोठून मिळत होती आणि ती का लोपली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

हुजूर दफ्तराची रचना :

बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे (१७४०-१७६१) यांच्या काळापासून पुण्याच्या हुजूर दफ्तरास सुव्यवस्थित रूप आले. पुढे नाना फडणवीसांच्या देखरेखीखाली त्याची घडी अधिक पक्की झाली. या दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. त्याचे 'चालते दफ्तर' आणि 'एकबेरीज दफ्तर' असे दोन प्रमुख भाग होते. चालते दफ्तरात दैनंदिन व्यवहार रोजकीर्दीत चढत. एकबेरीज दफ्तरात निरनिराळ्या खात्यांचे कागद तारीखवार लावले जात आणि त्यांवरून गोषवारा म्हणजे तर्जुमा व बाबवार खतावणी तयार होत असे. त्यामुळे मूळ लिहिणारा हयात नसला तरी त्याने लिहिलेल्या हिशेबाचा अर्थ लावणे शक्य होते.

प्रेरणेचे स्वरूप :

या काटेकोरपणामागे केवळ धाक नव्हता. कारकुनाने केलेली नोंद पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडत होती आणि तपासलीही जात होती. मामलेदाराचे हिशेब पुण्यास येत व तेथे पडताळले जात. प्रांतातील दिवाण, मुजुमदार, फडणीस आदी दरकदारांना मामलेदार आपल्या मर्जीने दूर करू शकत नसे. त्यामुळे त्याच्या इच्छेविरुद्धही खरी नोंद करणे त्यांना शक्य होते. वतन व इनाम यांचे तंटे उपस्थित झाले म्हणजे जुने कागद पुराव्यास लागत. अशा प्रकारे उपयोग, तपासणी आणि संरक्षण या तीन गोष्टींनी नोंदकर्त्यास बळ दिले.

व्यवस्थेचा ऱ्हास :

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (१७९६-१८१८) मामलती इजाऱ्याने देण्याची पद्धत बळावली. ठरलेली रक्कम हाती पडली की गावोगावच्या तपशिलाची सरकारास फारशी निकड राहिली नाही. १८०० मध्ये नाना फडणवीसांचे निधन झाल्यावर दफ्तराचा जाणता पाठीराखाही उरला नाही. दफ्तराची आबाळ झाली, कारकुनांचा आस्थापनावर्ग कमी झाला आणि कागद बाहेर जाऊ लागले. हा ऱ्हास कारकुनांच्या अंगी कसब नव्हते म्हणून झाला नाही. त्यांनी लिहिलेले वाचणारा कोणी उरला नाही म्हणून झाला.

गावपातळीवरील अनुभव :

गावात हिशेब राखण्याचे काम कुलकर्ण्याकडे असे. त्याची प्रेरणा वतनात होती. जमीन व हक्क वंशपरंपरेने मिळत असल्याने कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले, हे मान्य करावे लागते. परंतु हे कागद बहुधा कुलकर्ण्याच्या घरीच राहत आणि मोडी न जाणणाऱ्या रयतेस त्यांतील मजकूर कळत नसे. आपल्या नावे किती बाकी लिहिली आहे हे शेतकऱ्यास त्याच्याच तोंडून ऐकावे लागे. वतनाने नोंद टिकवली, पण ती खाजगी सत्तेचे साधनही बनवली. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, त्यामागे हा प्रश्न होता. मुंबई राज्यात कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० मध्ये झाला.

निष्कर्ष :

गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात पूर्ण झालेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदपत्रांचे ४५ खंड हे अनेक अनाम कारकुनांच्या श्रमांचे फलित आहे. मात्र त्यांच्या श्रमांचे सातत्य व्यवस्थेवर अवलंबून होते. केवळ हुकूम काढल्याने नोंदी नीट राहत नाहीत आणि केवळ मोबदला वाढविल्याने त्या सर्वांना खुल्या होत नाहीत. नोंद वाचली जाते, तिच्यावरून निर्णय होतो आणि खरे लिहिणाऱ्यास संरक्षण मिळते, असा विश्वास सेवकवर्गात निर्माण होणे आवश्यक असते. आजच्या कार्यालयांतील माहितीच्या नोंदींचा विचार करतानाही हा ऐतिहासिक अनुभव मार्गदर्शक ठरतो.