पेट्रोलच्या थेंबाचा माग

विरारच्या पूर्वेस चंदनसारच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या वाहनांच्या पाट्या वाचीत गेलें, तर त्यांवरूनच गाड्यांचें वय कळून येतें. नव्या गाड्यांवर वसईचा ४८ हा आंकडा आहे. जुन्यांवर ठाण्याचा ०४. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं अस्तित्वांत आला. त्यापूर्वीं हा सारा मुलूख ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. अशा ०४ आंकड्याच्या एखाद्या मोटारसायकलीखालीं सकाळीं ओला डाग दिसतो, पेट्रोलचा वास येतो, आणि घरांतील मंडळी म्हणतात, "गाडी म्हातारी झाली." वस्तुतः तो थेंब नुसत्या वयाची तक्रार करीत नसतो, त्याला निश्चित असें कारण असतें. तें समजून घ्यावयाचें, तर गाडीच्या पोटांतील एका लहानशा भांड्याचा इतिहास पाहिला पाहिजे.

१८८५ सालीं जर्मनींतील कानष्टाट येथें डाइम्लर व मायबाख या दोघांनीं लांकडी सांगाड्याच्या दुचाकीवर पेट्रोलचें इंजिन बसविलें. त्या वेळीं पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ तयार करीत. १८९३ सालीं मायबाखनें बारीक तोटींतून पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. या फवाऱ्यासाठीं पेट्रोलची पातळी नेहमीं सारखी राहणें अवश्य होतें. गच्चीवरील पाण्याच्या टाकींत जो तरंगता गोळा असतो, त्याच जातीची युक्ति येथें वापरलेली आहे. पातळी चढली कीं फ्लोट वर येतो व सुई वाट बंद करते. पातळी उतरली कीं वाट पुन्हां उघडते. ही पातळी राखतां न येणें, हेंच पुष्कळशा गळतीचें मूळ होय.

स्वतंत्र भारतांत हें भांडें घरोघरीं पोंचलें. १९५५ सालीं मद्रासेस एनफील्ड कंपनी निघाली व बुलेट येथें तयार होऊं लागली. १९६१ मध्यें म्हैसूरला जावा, तर १९६२ मध्यें राजदूत रस्त्यावर आली. एकीचें मूळ इंग्लंडांत, दुसरीचें चेकोस्लोव्हाकियांत, तिसरीचें पोलंडमध्यें. परंतु तिघींच्याहि पोटांत फ्लोट व सुई होतीच. सांध्यांना बूच, कागद किंवा रबर यांचें पॅकिंग असे, आणि टाकी पोलादी पत्र्याची.

मधल्या काळांत इंधन मात्र बदललें. उसाच्या मळीपासून केलेलें इथेनॉल पेट्रोलमध्यें मिसळण्याचे प्रयोग २००१ सालीं सुरू झाले, आणि त्यांपैकीं दोन मिरज व मनमाड येथें, म्हणजे महाराष्ट्रांतच झाले. २००३ मध्यें ९ राज्यांत ५ टक्के मिश्रणास आरंभ झाला. जून २०२२ मध्यें देशानें १० टक्क्यांची मजल गांठली. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें. इथेनॉल ओलावा शोषून घेतें. वसई-विरारसारख्या समुद्राजवळच्या दमट मुलखांत गाडी पावसाळाभर उभी राहिली, कीं टाकीच्या तळाशीं पाणी सांचतें व पत्रा आंतून गंजतो. गंजाचा एखादा कण खालीं उतरून सुईखालीं अडकतो. सुई पुरती बसत नाहीं, पातळी चढतच राहते, आणि जादा पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळींतून टपकूं लागतें. जुन्या रबरी नळ्या व वायसरहि या इंधनानें फुगतात, मऊ पडतात.

पेट्रोल उतरणीनें वाहतें; म्हणून डाग खालीं दिसला तरी दोष वर असतो. जाणता मेकॅनिक प्रथम सुटा भाग बदलीत नाहीं. तो गाडी उघड्यावर, इंजिन थंड असतां, डबल स्टँडवर सरळ उभी करतो. सारा भाग कोरडा पुसतो आणि सांध्यांवर खडूची भुकटी लावून ओल कोठें उमटते तें पाहतो. पेट्रोलचा कॉक बंद असतांहि थेंब चालू राहिला, तर दोष टाकींत किंवा कॉकमध्यें. कॉक उघडतांच थेंब सुरू झाला, तर खालची नळी वा कार्ब्युरेटर. भांड्याच्या कडेला ओल असेल, तर पॅकिंग बदलून भागतें. ओव्हरफ्लोची नळी ओली असेल, तर सुई किंवा फ्लोट पाहावा लागतो. पितळी फ्लोट कानाशीं हलविला असतां आंत पेट्रोल खळखळलें, म्हणजे त्याला भोंक पडलें हें उघड आहे. कधीं बाहेर थेंबच दिसत नाहीं. कॉक रात्रभर उघडा राहून पेट्रोल इंजिनांत उतरतें. मग ऑइल पातळ होतें व त्याला पेट्रोलचा वास येतो. आणि कधीं मुळीं दोषच नसतो: १० लिटर पेट्रोल १० अंशांनीं तापलें, कीं सुमारें १०० मिलिलिटरनें वाढतें, आणि काठोकाठ भरलेली टाकी उन्हांत झांकणावाटे पाझरते.

हा तपास दिव्याच्या किंवा काडीच्या उजेडांत कदापि करूं नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते; बंदिस्त पार्किंगमध्यें ती जमिनीलगत सांचते, आणि एक ठिणगी सबंध इमारतीला भोंवूं शकते.

१ एप्रिल २०२० रोजीं धुराचे नवे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला व त्याबरोबर फ्लोटहि गेला. जुन्या खासगी गाडीची नोंदणी मात्र १५ वर्षांनंतर तपासणी होऊन पुढें चालूं राहते, म्हणून हीं भांडीं अद्यापि रस्त्यावर आहेत. त्यांची गळती ओळखणारे हात कमी होत जातील. तेव्हां डाग दिसतांच प्रथम कॉक बंद करावा व मग माग काढावा, एवढें ज्ञान तरी ज्या घरीं जुनी गाडी आहे त्या घरांतील प्रत्येकास असलें पाहिजे.