सौर पंपाचा कंट्रोलर नेमकं काय करतो? ढग आल्यावर पाणी का कमी होतं, जाणून घ्या

शिरूर/दौंड : घोड आणि भीमेच्या काठच्या उसाला पाणी द्यायचं म्हणजे अनेकदा रात्रीची लाईट, हातात बॅटरी आणि मनात बिबट्याची धास्ती. दिवसा दारं धरता यावं म्हणून शेतकरी सौर पंपाकडे वळत आहेत. शेतात पॅनेल सगळ्यांना दिसतात. पण पाणी किती निघणार आणि मोटर टिकणार का, हे बरंचसं कंट्रोलरच्या पेटीवर ठरतं.

पेटीत काय होतं?

पॅनेलमधून डीसी वीज येते, तर थ्री फेज मोटरला एसी लागते. हा बदल करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. कोणता स्विच किती वेळ चालू ठेवायचा, हे आतली छोटी चिप ठरवते. त्यासाठी ती व्होल्ट आणि अँपिअर सतत मोजत असते. यालाच डिजिटल कंट्रोल म्हणतात.

साध्या स्टार्टरवर मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. कंट्रोलर मात्र तिला हळूहळू वेग देतो, त्यामुळे झटका बसत नाही.

ढग आला की

पॅनेलमधून गरजेपेक्षा जास्त वीज ओढली की व्होल्टेज कोसळतं. कमी ओढली तर ऊन वाया जातं. या दोन्हींच्या मधला योग्य बिंदू उन्हाप्रमाणे बदलतो आणि चिप तो सतत शोधत राहते. याला 'एमपीपीटी' म्हणतात. ढग येताच ती फ्रिक्वेन्सी कमी करते, म्हणजे मोटर बंद न पडता हळू फिरते.

फ्रिक्वेन्सी ५० वरून ४० हर्ट्झवर आली की पंपाला वीज साधारण निम्मीच लागते. पण पाणी उचलण्याची ताकदही साधारण ६४ टक्क्यांवर येते. त्यामुळे अशा हवेत उथळ विहिरीवर थोडं पाणी चालू राहतं, तर खोल बोअरवर मोटर फिरते आणि पाणी येत नाही. हा बिघाड नव्हे.

बोअर आटला तर

पाणी संपलं की मोटरवरचा भार उतरतो. चिप ते ओळखून मोटर थांबवते आणि काही वेळाने पुन्हा सुरू करून बघते. सबमर्सिबल मोटर पाण्यानेच थंड राहते, त्यामुळे कोरडी चालली तर जळते. 'ड्राय रन' दिसल्यावर सेटिंग बदलून मोटर दामटू नका.

काय काळजी घ्यावी?

- पॅनेल सकाळी गार असताना साध्या पाण्याने धुवा. एका पॅनेलवर झाडाची सावली पडली तरी पाणी घटतं.
- पेटीची हवा जाण्याची जागा मोकळी ठेवा. पेटी तापली की कंट्रोलर वेग कमी करतो किंवा बंद पडतो.
- भर उन्हात पाणी कमी येत असेल तर डिस्प्लेवरची फ्रिक्वेन्सी आणि एररचा कोड यांचा फोटो काढून ठेवा.
- मोटर दुरुस्त करून जोडल्यावर पाणी कमी आलं, तर ती उलटी फिरत असू शकते. वायरमनकडून फेज तपासून घ्या.
- पेटी स्वतः उघडू नका. आत शेकडो व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये काही मिनिटं करंट राहतो.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतल्या पंपाला ५ वर्षं दुरुस्तीची हमी असते. त्यामुळे पेटी बाहेर खोलून घेण्याआधी पंप बसवणाऱ्या एजन्सीकडे तक्रार नोंदवा.