दिवाणखान्यातील शिवणयंत्र

मोठ्या शहरांतील नव्या धर्तीच्या उपाहारगृहांत चहाचा पेला ज्या मेजावर येतो, त्याच्या पायांशी 'सिंगर' ही ओतीव लोखंडातील अक्षरे दिसण्याचा योग हल्ली वारंवार येतो. वर काच किंवा सागवानी फळी बसवलेली असते. खालचे मोठे चाक आणि पायाखालची जाळी रंगाच्या पुटांनी थिजून गेलेली असते. या मेजाचे मूळचे डोके कोठे गेले, हे मात्र कोणी विचारीत नाही. ऑलसेन्ट्स या ब्रिटिश कापडविक्रेत्यांनी याच्या उलट केले. त्यांनी नुसती डोकीच गोळा केली आणि शेकड्यांनी आपल्या दुकानांच्या काचेमागे रांगेने मांडली. एकाने धड घेतले, दुसऱ्याने शिर घेतले. शिवण मात्र कोणीच ठेवली नाही.

जुन्या वस्तू घरात मांडू नयेत असे माझे म्हणणे नाही. पितळी समई वा पाटा-वरवंटा दिवाणखान्यात आला म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. शिवणयंत्राची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि ती का निराळी, हे त्याच्या इतिहासातच सापडते.

त्या इतिहासाचा आरंभ मोठ्या भांडणाने झाला. बार्तेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवण्याचा कारखाना थाटला. पुढच्याच वर्षी तेथील शिंप्यांनी चाल करून ती यंत्रे मोडून टाकली. आपल्या तोंडचा घास हे लोखंड काढून घेणार, अशी त्यांची खात्री होती. पुढे १८४६ मध्ये अमेरिकेत एलियस हाऊ याने टोकाशी छिद्र असलेली सुई आणि खालून धावणारे शटल यांची जोडी जमवून दोन धाग्यांच्या टिपेचे पेटंट मिळवले. आयझॅक सिंगरचे पेटंट १८५१ चे. दोघांचा कज्जा न्यायालयात गेला, सिंगरला हाऊचा हक्क मान्य करून पैसे मोजावे लागले, आणि १८५६ मध्ये प्रमुख कारखानदारांनी आपापली पेटंटे एकत्र करून ते युद्ध मिटवले.

माझ्या मते त्याच वर्षाची दुसरी घटना अधिक महत्त्वाची आहे. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने यंत्र हप्त्यांवर विकण्यास सुरुवात केली. जे यंत्र कारखान्यात राहिले असते, ते त्यामुळे घरात आले. शिवलेल्या कपड्यांच्या मजुरीतूनच यंत्राचा हप्ता फिटू लागला. शिवणयंत्र ही शोभेची खरेदी नव्हती, ते कुटुंबाचे भांडवल होते.

आपल्याकडे मुंबईत १८७५ च्या सुमारास नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी व्यापाऱ्यांनी सिंगरची विक्री हाती घेतली. हिंदुस्थानात येणारी पुष्कळशी यंत्रे स्कॉटलंडमधील क्लायडबँक येथील कारखान्यात तयार होत. तो १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. तेथील रेल्वे स्थानकाचे नाव मात्र आजही 'सिंगर' असेच आहे. १९३८ मध्ये लाला श्रीराम यांनी कलकत्त्याचा जय इंजिनिअरिंग वर्क्स हा कारखाना ताब्यात घेतला आणि त्यांचे 'उषा' यंत्र देशभर गेले.

ज्या यंत्राला पॅरिसचे शिंपी चोर म्हणाले, ते आपल्या शिंप्यांनी नामदेवांच्या तसबिरीखाली मांडले. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण हा बायकांच्या स्वावलंबनाचा मार्ग मानला. नवऱ्याच्या मागे एका यंत्रावर मुलांची शिक्षणे पार पाडलेल्या बाईची हकीगत ज्याने ऐकली नाही, असा मराठी श्रोता विरळाच असेल.

यंत्रयुगाचे कठोर टीकाकार गांधीजी. पण १९२४ मध्ये दिल्लीत जी. रामचंद्रन यांच्याशी बोलताना त्यांनी सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने ते केले, असे त्यांनी सांगितले. मग ही यंत्रे करणाऱ्या कारखान्याचे काय, या प्रश्नावर, असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे वा नियंत्रणाखाली असावेत, असे त्यांचे उत्तर होते. प्रेमाची ती कथा खऱ्या सिंगरला फारशी शोभत नाही. एकाच वेळी अनेक संसार थाटणारा तो गृहस्थ होता आणि त्याने पैशासाठी हे केले हे उघड आहे. पण गांधीजींचा न्याय चुकला असे मला वाटत नाही. हे यंत्र माणसाला दूर सारीत नाही. पाय थांबला की तेही थांबते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे यंत्र दुरुस्त करता यावे अशाच रीतीने बांधलेले आहे. त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग स्क्रूने बसवलेला असतो. सिंगरच्या '१५' या वर्गाचा आराखडा पुढे जपानी आणि भारतीय कारखानदारांनी उचलला, म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या तशा यंत्राला आजची बाजारातली सुई आणि बॉबिन चालते, आणि लुधियानात तयार झालेले सुटे भागही पुष्कळदा बसतात. चाक फिरत नाही म्हणून भंगारात दिलेले यंत्र बहुधा गंजलेले नसते. कोणीतरी घरातले गोडेतेल घातलेले असते आणि ते वाळून डिंकासारखे धरलेले असते. रॉकेलचे चार थेंब सांध्यांत सोडावेत, रात्रभर थांबावे, चाक हळूहळू मागेपुढे करावे आणि मग मशीनचे तेल द्यावे. सोनेरी नक्षीवर मात्र स्पिरिट लावू नये, त्याने वरचे लाखेचे रोगण विरघळते.

ब्रिटनमध्ये 'टूल्स फॉर सेल्फ रिलायन्स'सारख्या संस्थांनी अशीच टाकून दिलेली हत्यारे आणि शिवणयंत्रे नीट करून आफ्रिकेतील कारागिरांकडे धाडली. तेथे वीज नसलेल्या गावात पायाने चालणारे यंत्र जुने ठरत नाही. आपल्या देशातही ते ठरलेले नाही. रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसून पँटची लांबी कमी करून देणाऱ्या माणसाला विचारावे. चालते यंत्र मेज होऊन बसले की त्याच्यासारख्या एखाद्याची मिळकत बाजारातून उठते आणि ते नीट करणाऱ्या मेकॅनिकचेही एक गिऱ्हाईक कमी होते. हा दुसरा तोटा मला मोठा वाटतो, कारण यंत्र पुन्हा मिळेल, तो हात मिळणार नाही.

म्हणून प्रत्येक यंत्र जपावे, असाही आग्रह धरण्याचे कारण नाही. ती लाखांनी निघाली, सगळी काही दुर्मिळ नव्हेत. ज्याचे बीड तडकले आहे, ज्याचे शटल हरवले आहे, त्याचे खुशाल मेज करावे आणि त्याचे स्क्रू, स्प्रिंगा व चाके आधी काढून मेकॅनिकला द्यावीत. सिंगरचे '१२' वर्गाचे जुने यंत्र घरात असेल तर त्याची सुई आता सहजी मिळत नाही. ते दिवाणखान्यात बसले तर त्यात वावगे नाही. तेही पूर्ण बसवावे: त्याला भोक पाडून दिवा लावू नये, रंग देऊ नये, आणि पाटावर कोरलेला क्रमांक घासू नये. क्रमांकाच्या आरंभी 'वाय' हे अक्षर असेल, तर ते यंत्र १९२२ ते १९३५ या काळात क्लायडबँकला तयार झाले असे समजावे. मोठ्या चाकावरचा चामड्याचा पट्टा आजही शिवणाच्या सामानाच्या दुकानात मिळतो.