कुमारांची विनोदी अद्भुतकथामाला : गती आणि पात्रकेंद्र

जादू, राक्षस, चेटकीण अशा कल्पित सृष्टीत विनोद फुलवणारी, मुलांसाठीची क्रमशः कथा. घटना उलगडण्याचा वेग म्हणजे गती; ज्या पात्राभोवती कथा फिरते ते पात्रकेंद्र.

‘चांदोबा’ मासिकातील विक्रम-वेताळ कथांची चौकट ठरलेली असे. विक्रम मौन सोडतो, वेताळ झाडावर परततो. दोन्ही पात्रांची ओळख पुन्हा करून द्यावी लागत नसल्याने कथा लगेच वेग घेते. विनोदाची मात्रा येथे कमी, पण मालिकेचा साचा पक्का आहे.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात हशा मुख्यतः चिंची चेटकिणीच्या स्वभावातून येतो. ही भूमिका प्रथम दिलीप प्रभावळकर यांनी गाजवली. प्रभावळकर यांचीच ‘बोक्या सातबंडे’ ही कथामाला आणि भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांची ‘फास्टर फेणे’ मालिका वास्तव जगात घडतात. तरीही एकाच खोडकर किंवा धाडसी नायकावर रोख ठेवण्याचे तंत्र त्यांत स्पष्ट दिसते.

पात्रे वाढली की प्रत्येकाची ओळख करून देण्यात वेग मंदावतो. म्हणून दुय्यम पात्रांना एखादी ठळक लकब देतात, विनोद कृतीतून साधतात आणि प्रकरण उत्कंठेवर थांबवतात.