आसनाखालचा तराजू

काही हौशी चालक आपल्या मोटारीची मूळ आसने काढून शर्यतीची आसने बसवतात. शर्यतीचे आसन म्हणजे शरीराला घट्ट धरणारे एकसंध कवच. वेगाने वळण घेताना त्यात माणूस घसरत नाही. ते बसवणे हे वरवर पाहता पान्याचे काम आहे. पण मूळ आसन उचलले की त्याखालच्या तारांच्या जोडण्या सोडाव्या लागतात, आणि नव्या आसनानिशी गाडी सुरू केली की समोर एअरबॅगचा इशारादिवा पेटून राहतो. आसनाला तारा कशासाठी लागतात? याचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात आहे.

अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलच्या मोटारींमध्ये पुढच्या आसनात भार ओळखणारा संवेदक, म्हणजे सेन्सर, बसवलेला असे. आसनावर भार आहे पण पट्टा बांधलेला नाही, अशा स्थितीत इंजिन सुरूच होत नसे. हेतू चांगला होता. परंतु माणूस आणि वाणसामानाची पिशवी यांतला फरक या संवेदकाला कळत नव्हता. शेजारी कुत्रा बसला तरी गाडी अडून बसे. लोक इतके वैतागले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा करून ही सक्ती उठवावी लागली. ‘आसनावर काही आहे का?’ आणि ‘आसनावर कोण आहे?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत, हा या फसलेल्या प्रयोगाचा धडा.

दुसरा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो एअरबॅगमुळे. जॉन हेट्रिक यांना अशा पिशवीचे अमेरिकी पेटंट १९५३ मध्ये मिळाले होते, पण धडक क्षणार्धात ओळखणारे स्वस्त साधन नव्हते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ॲलन ब्रीड यांनी ते तयार केले. नळीत चुंबकाने धरून ठेवलेला एक पोलादी गोळा. गाडी एकाएकी थांबली की जडत्वामुळे तो चुंबकापासून सुटून पुढे जातो आणि विद्युतमंडल पूर्ण करतो. पुढे १९९१ च्या कायद्याने अमेरिकेत दोन्ही पुढच्या आसनांसाठी एअरबॅग सक्तीची होणार हे ठरले.

मात्र ही पिशवी सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. पट्टा बांधलेल्या प्रौढाला ती वाचवते, पण तिच्या अगदी जवळ असलेल्या बालकाला तोच तडाखा प्राणघातक ठरू शकतो. १९९० ते २००८ या काळात अमेरिकेत कमी वेगाच्या अपघातांत एअरबॅग फुगल्यामुळे २९० हून अधिक माणसे दगावली. त्यांत लहान मुले बरीच होती. म्हणून मे २००० मध्ये नवा नियम झाला आणि २००३ ते २००६ दरम्यान टप्प्याटप्प्याने लागू झाला. बालक बसले असेल तर पिशवी फुगू नये किंवा बेताने फुगावी, असे त्याचे सार. आता आसनाला तराजू होणे भाग पडले.

हा तराजू बनवण्याच्या रीती अनेक. काही गाड्यांत गादीखाली द्रवाने भरलेली चपटी पिशवी व दाबमापक असतो. काहींत आसनाच्या पायांशी विकृतिमापक, म्हणजे स्ट्रेन गेज, असतात. हे उपकरण १९३८ मध्ये सिमन्स आणि रूज यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे शोधले. तार ताणली की तिची लांबी वाढते, जाडी घटते आणि रोध वाढतो, एवढेच त्यामागचे तत्त्व. हा सूक्ष्म फरक मोजायला उपयोगी पडतो तो आपण वर्गात शिकवतो तोच व्हीट्स्टन सेतू.

मापन मात्र वाटते तितके सरळ नाही. पाय जमिनीवर टेकल्याने माणसाचे सगळे वजन आसनावर येत नाही. उलट, बालकाचे आसन पट्ट्याने घट्ट आवळले की आसनावरचा भार वाढतो आणि बाळ ‘जड’ भासते. म्हणून काही गाड्यांत पट्ट्याचा ताणही मोजतात. अनेक रचनांत गादीचा फोम, संवेदक आणि नियंत्रक यांचे अंशांकन एकत्रित केलेले असते. त्यामुळे संवेदक काढून दुसऱ्या आसनाखाली सरकवला तर त्याच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

इथेच एक पळवाट काढली जाते. आसनाच्या कुशीत असलेल्या एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रोध जोडतात. नियंत्रक फक्त मंडल अखंड आहे का आणि रोध योग्य आहे का, एवढेच तपासतो. त्यामुळे दिवा विझतो. पण तिथे पिशवी नसतेच! भारसंवेदकाच्या जागी ठरावीक संकेत दिला, तर नियंत्रकाला आसन कायम रिकामे दिसेल किंवा कायम प्रौढ बसलेला दिसेल. पहिल्या स्थितीत प्रौढाला संरक्षण नाही. दुसऱ्या स्थितीत बालकाच्या जिवाला धोका. केवळ शर्यतीसाठी राखलेल्या गाडीत पिंजरा, अनेक टोकांचा पट्टा आणि शिरस्त्राण अशी निराळी व्यवस्था असते. रस्त्यावर कुटुंबासह फिरणाऱ्या गाडीत मात्र मूळ आसन व त्याचे संवेदक तसेच ठेवणे हेच शहाणपणाचे.

पेटलेला दिवा हा दोष नव्हे. ‘मला दिसत नाही’ अशी ती प्रामाणिक कबुली आहे.

विद्यार्थ्यांना हे पटवायला एक वजनकाटा पुरे. त्यावर बुटके स्टूल ठेवून मुलाला बसवावे. आधी पाय जमिनीवर, मग अधांतरी; दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत. मग विचारावे: यातले खरे वजन कोणते, आणि मोटारीने कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?